आधी अंदाज, मग प्रोब: घरातलं सर्किट मोजण्याची क्रमवार पद्धत

ओळखीच्या एकांचा फोन आला. "बाथरूमच्या प्लगमध्ये ११० व्होल्ट येताहेत. लाईनमध्ये बिघाड आहे का?" मी विचारलं, "कुठून कुठे मोजले?" ते जरा थांबले आणि म्हणाले, "तारेत मोजले."

घरात मल्टीमीटर आला की पहिली चूक होते ती इथेच. व्होल्टेज एका तारेत नसतं, दोन ठिकाणांमध्ये असतं. दुसरं टोक कुठे लावलं होतं हे सांगितल्याशिवाय ११० या आकड्याला अर्थ नाही. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) यांच्यात ११० आले तर दुखणं एक, फेज आणि अर्थ (गळती जमिनीत नेणारी तार) यांच्यात आले तर दुसरंच. आकडा तोच, पण एकदा बोर्ड उघडावा लागेल आणि एकदा अर्थिंग शोधावं लागेल.

पुढचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम बदलला की एक तर चुकीचा आकडा मिळतो, नाहीतर मीटर जळतो, नाहीतर हात भाजतो.

हद्द आधी ठरवून घ्या. वीज कंपनीच्या मीटरपर्यंतची केबल, सील लावलेला कटआउट आणि मीटरचे टर्मिनल यांना आपण हात लावायचा नाही. तिथे मध्ये फ्यूज फारच मोठा असतो आणि शॉर्ट झाल्यावर निघणारी ठिणगी घरातल्या एमसीबीच्या (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) ठिणगीसारखी नसते. मेन स्विचच्या आतलं काम परवानाधारक वायरमनचं. प्लगमधली मापं, उपकरणांची मापं आणि लाईट बंद करून केलेली तपासणी एवढं शिकलेल्या, सावध माणसाला जमतं. मेगर (इन्सुलेशन तपासणारं यंत्र) आणि अर्थ टेस्टरचे (अर्थिंगचा खड्डा तपासणारं यंत्र) टप्पेही खाली दिले आहेत. वायरमन काय करतोय हे तुम्हाला कळावं आणि त्याने मधली पायरी गाळली तर विचारता यावं, एवढ्यासाठी.

## टप्पा १: हाताशी काय हवं

मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प, क्लॅम्प मीटर आणि कागद-पेन. तारेभोवती जबडा घालून करंट मोजतो तो क्लॅम्प मीटर; वायरमन अजूनही ज्याला टाँग टेस्टर म्हणतात तोच हा.

मल्टीमीटर घेताना त्यावर छापलेला 'कॅट' हा वर्ग बघा. कॅट २ प्लगला लावायच्या उपकरणांसाठी, कॅट ३ घरातल्या वितरण बोर्डासाठी, कॅट ४ बाहेरून येणाऱ्या लाईनसाठी. शेजारी ३०० किंवा ६०० व्होल्ट असंही लिहिलेलं असतं. घरासाठी कॅट ३, ६०० व्होल्ट घ्या. फुटपाथवर मिळणारा छोटा पिवळा मीटर बॅटरी आणि खेळण्यांपुरता ठीक आहे. त्याच्या १० अँपिअरच्या भोकाला बहुधा फ्यूजच नसतो आणि त्यावर एसी करंटही मोजता येत नाही. लोक त्याने गिझरचा करंट मोजायला जातात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डर, त्यात ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब आणि दोन चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी. यात एलईडी बल्ब चालत नाही. तो चिमूटभर करंटवरही मिणमिणतो आणि लॅम्प ठेवण्याचा हेतूच बुडतो.

पेनसारखा निऑन टेस्टर जवळ असू द्या, पण तो साक्षीदार म्हणून धरू नका. नुसत्या शेजारच्या तारेच्या प्रभावानेही तो उजळतो. आणि जाड रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर खऱ्या फेजवरही तो दिसेल न दिसेल असा लागतो. "टेस्टर लागला नाही म्हणजे लाईट नाही" एवढ्या भरवशावर तारेला हात घालणारे मी बरेच पाहिले आहेत.

## टप्पा २: आधी मीटर तपासा

१. दोन्ही लीड (मीटरच्या वायरी; त्यांच्या टोकाच्या धातूच्या काड्या म्हणजे प्रोब) बोटांनी चाचपा. प्रोबच्या मुळाशी इन्सुलेशन चिरलं असेल तर लीड फेकून द्या. टेप लावून वापरू नका.

२. काळी लीड 'कॉम' लिहिलेल्या भोकात. लाल लीड व्होल्ट आणि ओहमच्या भोकात.

३. नॉब ओहमवर ठेवा (घोड्याच्या नालासारखी खूण) आणि प्रोबची टोकं एकमेकांना टेकवा. ०.२ ते ०.५ ओहम दिसायला हवं. हा लीडचा स्वतःचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा. कागदावर लिहून ठेवा, पुढे वजा करायचा आहे. आकडा स्थिर राहत नसेल तर लीड आतून तुटत आली आहे.

४. बॅटरीची खूण दिसत असेल तर मोजणं थांबवा. बॅटरी उतरली की बरेच मीटर गप्प बसत नाहीत, चुकीचा आकडा दाखवत राहतात.

५. नॉब एसी व्होल्टवर, म्हणजे नागमोडी रेघ असलेल्या व्होल्टच्या खुणेवर. रेंज हाताने निवडायची असेल तर सर्वात मोठी, ६०० किंवा ७५०.

सावधान: लाल लीड १० अँपिअरच्या भोकात नाही ना, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघा. त्या भोकात मीटरचा आतला रोध जवळपास शून्य असतो. लीड तिथे ठेवून प्लगमध्ये प्रोब घातले की फेज-न्यूट्रल सरळ शॉर्ट. मी हे केलेलं आहे. आदल्या संध्याकाळी बॅटरी चार्जरचा करंट मोजला, लीड तशीच राहिली, आणि सकाळी घाईत प्लगमध्ये प्रोब घातले. निळसर लख्ख उजेड, सुतळी बॉम्बसारखा आवाज, एमसीबी पडला. प्रोबचं पितळी टोक वितळून मणी झालं होतं. तो मणी अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे आणि नवीन शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात मी तो आधी देतो.

## टप्पा ३: अपेक्षित आकडा लिहा

हीच पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच. प्रोब लावण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: कुठून कुठे मोजणार, किती यायला हवं, आणि तसं नाही आलं तर कशाचा संशय घ्यायचा. आकडा आधी लिहिला नसेल तर मीटरवर येईल तो आकडा माणसाला बरोबर वाटू लागतो.

घरगुती सिंगल फेजला फेज-न्यूट्रल २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सहा टक्के वर-खाली धरलं तर साधारण २१६ ते २४४. तीन फेजमध्ये कोणत्याही दोन फेजच्या मधे ४०० ते ४१५. उपकरणाचा करंट काढायला वॅटला व्होल्टने भागा: २००० वॅटचा गिझर म्हणजे ८.७ अँपिअर. रोध काढायला व्होल्टचा वर्ग करून वॅटने भागा: त्याच गिझरच्या एलिमेंटला २३० गुणिले २३० भागिले २०००, म्हणजे साडेसव्वीस ओहम. १००० वॅटच्या इस्त्रीला ५३.

## टप्पा ४: लाईट चालू असताना तीन जोड्या

समोरून बघताना प्लगचं वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे असू शकतात, त्यामुळे जागेवरून गृहीत धरू नका. दोन्ही प्रोब शक्यतो एकाच हातात धरा, दुसरा हात खिशात. भिंतीला, नळाला, फ्रिजला टेकायचं नाही.

१. फेज-न्यूट्रल. २३० च्या आसपास.

२. फेज-अर्थ. जवळपास तेवढंच.

३. न्यूट्रल-अर्थ. घरात थोडाफार लोड (वीज घेणारी उपकरणं) चालू असताना एक-दोन-तीन व्होल्ट.

तिन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात. एकटा आकडा दिशाभूल करतो.

फेज-न्यूट्रल २३० बरोबर आहे, पण फेज-अर्थ ११० आणि न्यूट्रल-अर्थही काहीतरी अर्धवट, समजा ७० किंवा ९०? मग अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे आणि लोंबकळते आहे. शेजारच्या फेजच्या तारेमुळे तिच्यावर प्रभावाने व्होल्टेज चढतं. फोनवरच्या त्या ११० व्होल्टचं उत्तर हेच होतं. लाईन ठणठणीत होती. बाथरूमच्या प्लगला अर्थिंग नव्हतं, आणि ते जास्त वाईट.

न्यूट्रल-अर्थ दहा-वीस व्होल्टच्या वर जात असेल आणि लोड टाकल्यावर वाढत असेल तर न्यूट्रलचा जोड सैल आहे. फेज-अर्थ २३० पण फेज-न्यूट्रल डळमळीत, आणि न्यूट्रलच्या भोकातही टेस्टर लागतो? न्यूट्रल तुटलेला आहे. चालू असलेल्या एखाद्या उपकरणातून फेज फिरून न्यूट्रलच्या तारेत आला आहे. इथे घाबरून "दोन फेज आले" असं समजतात. तसं नसतं. मात्र फेज-न्यूट्रल खरोखरच २७०, ३०० दिसलं तर एका क्षणात मेन बंद करा. ते बहुतेक वेळा बाहेर, तीन फेजच्या लाईनचा न्यूट्रल तुटल्याचं लक्षण असतं. ती तक्रार वीज कंपनीकडे, आणि शेजाऱ्यांनाही लगेच सांगायचं, कारण त्यांच्याकडे त्याच वेळी व्होल्टेज कमी किंवा जास्त झालेलं असणार.

न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य, गिझर चालू केला तरी शून्य? काही जण अर्थची तार नसली की प्लगच्या आत न्यूट्रलमधून अर्थच्या भोकात छोटा तुकडा जोडून देतात. मीटरला सगळं उत्तम दिसतं. पण मागे न्यूट्रल सुटला की फ्रिजचं, गिझरचं अंग थेट फेजवर. हा तुकडा दिसला तर त्याच दिवशी काढून टाका.

### भुताचं व्होल्टेज ओळखणं

डिजिटल मीटर सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्यामुळे कुठेही न जोडलेल्या तारेवरही तो ४०, ८०, १२० असे आकडे दाखवतो. खरं-खोटं करायचं असेल तर मीटर लावलेला ठेवून त्याच दोन ठिकाणांना (त्यातलं एकही अर्थ नसेल तरच) टेस्ट लॅम्प लावा. आकडा धाडकन शून्यावर आला तर ते प्रभावाचं होतं. आकडा टिकला आणि बल्ब लागला तर मागे खरी लाईन आहे. काही मीटरमध्ये यासाठी कमी रोधाची वेगळी सोय असते, ती असली तर लॅम्पची गरज नाही.

सावधान: टेस्ट लॅम्प फेज-न्यूट्रलला लावा, फेज-अर्थला लावू नका. अर्थ मध्येच तुटलेला असेल तर बल्बमधून गेलेला फेज त्या अर्थला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या अंगावर येतो. तुम्ही बाथरूममध्ये बल्ब लागतोय का बघत असता आणि स्वयंपाकघरात कोणीतरी फ्रिजचं दार उघडत असतं. अर्थ चांगला असला तरी ६० वॅटचा बल्ब पाव अँपिअर घेतो, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) लगेच पडतो. तीन फेजमध्ये दोन फेजना एक बल्ब लावाल तर तो फुटेल. तिथे दोन बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडून, लागतात.

पडताळा: फेज-अर्थ २३० आलं म्हणून अर्थिंग चांगलं आहे असं सिद्ध होत नाही. अर्थच्या वाटेत हजारो ओहमचा गंजलेला जोड असला तरी मीटरला २३० च दिसेल, कारण मीटर करंटच घेत नाही. तीन दिव्यांचा प्लग टेस्टरही इथे फसतो. अर्थमधून दोषाचा करंट वाहू शकतो की नाही हे अर्थ लूप टेस्टरच सांगतो.

## टप्पा ५: लोड टाकून पुन्हा तीच मापं

रिकाम्या प्लगमध्ये २३२ व्होल्ट आले की लोक समाधानाने मीटर ठेवून देतात. सैल जोड, काळवंडलेला प्लग, जळका वास येणारा बोर्ड यातलं काहीही रिकाम्या मापात सापडत नाही. करंट वाहू लागल्याशिवाय सैल जोडात व्होल्ट पडतच नाहीत.

१. प्लगमध्ये लोड नसताना फेज-न्यूट्रल लिहा.

२. त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटवर प्रोब ठेवून गिझर किंवा इस्त्री चालू करा. नवा आकडा लिहा.

३. तोच लोड चालू असताना वायरमनकडून मेन स्विचच्या बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर मापून घ्या. लोड बंद करून तिथलाही आकडा घ्या.

एका घरातले खरे आकडे सांगतो. गिझरच्या बोर्डावर लोड नसताना २३२, गिझर चालू केल्यावर २१९. मेनवर मात्र २३२ चे २३० झाले. म्हणजे १३ पैकी २ व्होल्ट बाहेरच्या लाईनचे आणि ११ घरातले. गिझर त्या वेळी ८.३ अँपिअर घेत होता. ११ गुणिले ८.३, म्हणजे सुमारे ९१ वॅट उष्णता भिंतीच्या आत कुठेतरी तयार होत होती.

आता तारेचा हिशोब. अडीच स्क्वेअर मिमी तांब्याच्या तारेचा रोध एका किलोमीटरला साधारण साडेसात ते आठ ओहम. मेनपासून बाथरूम १५ मीटर, जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे जेमतेम पाव ओहम. तारेत पडायला हवेत दोन व्होल्ट. उरलेले नऊ जोडांत पडत होते. बोर्ड उघडला तेव्हा १६ अँपिअरच्या सॉकेटच्या न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता. तारेचं इन्सुलेशन इंचभर तपकिरी होऊन कडक झालेलं, चिमटीत धरलं तर पापडासारखं मोडलं. तार मागे कापून नवीन टोक काढलं, सॉकेट बदललं, स्क्रू आवळला. पुन्हा मोजलं: २३२ चे २२८.

चूक: मेनवर न मोजता बोर्डावरचा आकडा बघून "लाईनलाच व्होल्टेज कमी आहे" म्हणणं आणि स्टॅबिलायझर आणणं. दोष जोडात असताना स्टॅबिलायझर लावला की करंट वाढतो आणि तो जोड आणखी तापतो.

## टप्पा ६: करंट

घरातल्या लाईनवर मल्टीमीटर सिरीजमध्ये लावून करंट मोजू नका. क्लॅम्प मीटर वापरा.

क्लॅम्पचा जबडा एकाच तारेभोवती. दोन्ही तारा असलेल्या केबलभोवती घातला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसतं. "गिझर चालू आहे पण मीटर शून्य दाखवतोय" याचं कारण जवळपास नेहमी हेच. उपाय सोपा: एक फूटभर एक्स्टेन्शन करा, त्यातल्या तीन तारा वरच्या आवरणाबाहेर वेगळ्या ठेवा, प्रत्येकीचं स्वतःचं इन्सुलेशन शाबूत ठेवून. उपकरण त्यातून जोडा आणि फेजच्या तारेला जबडा घाला. जबडा पूर्ण मिटलाय ना, हेही बघा.

लहान करंट असेल, टीव्ही किंवा एकटा पंखा, तर तीच तार जबड्यातून दहा वेळा गुंडाळून घ्या आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा.

आता फेजचा करंट लिहा, मग न्यूट्रलचा. दोन्ही सारखे हवेत. फरक असेल तर तेवढा करंट तिसऱ्या वाटेने, बहुधा अर्थमधून, जातोय. पण साध्या क्लॅम्प मीटरने ३० मिलिअँपिअरचा फरक कळत नाही. त्यासाठी मिलिअँपिअर दाखवणारा गळतीचा क्लॅम्प लागतो, आणि त्यात मात्र फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र घालायचे असतात. तिथे शून्यापेक्षा जास्त जे दिसेल ती गळती.

## टप्पा ७: बंद केलं, पण खरंच बंद आहे का

पुढचे सगळे टप्पे लाईट बंद करून. बंद करणं आणि बंद असल्याची खात्री करणं ही दोन वेगळी कामं.

१. मेन बंद करा. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून दोन्ही तोडणारा मेनच बंद करा.

२. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा आणि त्याचा आउटपुट प्लग काढा. आपल्याकडे भारनियमनाच्या काळापासून घरोघरी इन्व्हर्टर आले. मेन पाडला की तो आपलं काम म्हणून तत्काळ पंखे-दिव्यांच्या तारांत २३० सोडतो. गच्चीवर सोलर असेल तर त्याचाही स्विच.

३. मीटर आधी नक्की चालू असलेल्या ठिकाणी लावून बघा. मग आपल्या जागी तिन्ही जोड्या मोजा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मग पुन्हा त्या चालू ठिकाणी. चालू, बंद, चालू. शेवटची पायरी सोडली आणि मधेच मीटरची लीड तुटली असेल तर शून्य दिसेल आणि तार मात्र जिवंत असेल.

४. मेनवर चिठ्ठी लावा, घरच्यांना सांगा. कुलूप लावता येत असेल तर किल्ली स्वतःच्या खिशात.

मेन बंद असताना चालू ठिकाण कुठलं आणायचं? शेजारच्यांचा प्लग, किंवा जिन्यातला.

## टप्पा ८: रोध आणि बीप

चालू सर्किटवर ओहम किंवा बीपच्या खुणेवर मीटर लावायचा नाही. कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) असेल तर त्याची दोन टोकं आधी रोधातून, किंवा टेस्ट लॅम्पमधून, उतरवून घ्या. मोटरच्या ३६-५० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा झटका लाईट गेल्यावरही बसतो.

मोजायची वस्तू सर्किटमधून एका टोकाने तरी सोडवा. नाहीतर शेजारच्या वाटेचा रोध त्यात मिसळतो. गिझरचं एलिमेंट मोजताना थर्मोस्टॅट, पायलट दिवा आणि त्याच बोर्डावर लावलेला चार्जर या सगळ्यांच्या वाटा मोजल्या जातात आणि मग "एलिमेंट खराब" असं ठरतं.

आलेल्या आकड्यातून टप्पा २ मधला लीडचा रोध वजा करा. गिझरला साडेसव्वीस अपेक्षित होते. २६-२७ आले तर एलिमेंट ठीक. मीटरने काहीच नोंद घेतली नाही तर तुटलंय. एलिमेंट आणि गिझरचं अंग यांच्यात मात्र काहीही दिसता कामा नये.

तारेच्या जुन्या बल्बला हे गणित लागू नाही. ६० वॅटच्या बल्बचा हिशोब ८८२ ओहम सांगतो, पण थंड बल्ब त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दाखवतो. फिलामेंट तापल्यावर रोध वाढतो. एलईडी दिवा, चार्जर, टीव्ही यांना ओहमने मोजण्यात अर्थ नाही.

सीलिंग फॅनच्या तीन तारा ओळखायच्या असतील तर तीनही जोड्यांचा रोध मोजा. सगळ्यात मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. मोठा आकडा ज्या दोन तारांमध्ये आला त्यांच्यात कपॅसिटर, आणि उरलेली तार कॉमन. बेरीज जुळली नाही तर वाइंडिंगमध्ये (आतल्या तारेच्या वेटोळ्यांत) दोष असू शकतो. रंगावर जाऊ नका, रिवाइंडिंग झालेल्या पंख्यात रंग कसेही असतात.

## टप्पा ९: इन्सुलेशन, म्हणजे मेगर

मल्टीमीटर ओहम मोजताना जेमतेम काही व्होल्ट सोडतो. २३० व्होल्ट लागल्यावर फुटणारं इन्सुलेशन त्याला धडधाकट वाटतं. "मीटरने तर काही दाखवलं नाही, तरी आरसीसीबी पडतोय" या तक्रारीचं मूळ हे. मेगर ५०० व्होल्ट डीसी लावून बघतो.

१. टप्पा ७ पूर्ण झाला का, पुन्हा बघा.

२. सगळे प्लग, एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सर्ज प्रोटेक्टर काढा. ५०० व्होल्ट त्यांच्यात शिरले तर ते गेले.

३. ज्या सर्किटची तपासणी करायची त्याचा न्यूट्रल न्यूट्रल-लिंकमधून सोडवा. घाईत राहते ती हीच पायरी. न्यूट्रल लिंकवर सगळ्या सर्किटचे न्यूट्रल एकत्र असतात, त्यामुळे दोष एका सर्किटमध्ये आणि शून्य सगळ्यांत दिसतं.

४. त्या सर्किटचे फेज-न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी मोजा. मग स्विच चालू करून, दिवे काढलेले ठेवून, फेज आणि न्यूट्रलमध्ये.

५. मोजून झाल्यावर मेगर लगेच काढू नका. केबलमध्ये चढलेला भार उतरू द्या.

कमीत कमी १ मेगाओहम हवा. कोरड्या, नव्या वायरिंगला तो याच्या कितीतरी पट येतो. कोकणात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतल्या डब्यामुळे हा आकडा चांगलाच खाली येतो. तोच डबा दसऱ्यानंतर पुन्हा मोजला तर वर गेलेला दिसतो. म्हणून "आता बरं आहे" म्हणून सोडू नका. जुलैमधला आकडाच खरा धरा आणि डब्यात पाणी कुठून येतं ते शोधा.

अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वेगळ्या अर्थ टेस्टरने, जमिनीत दोन सळया ठोकून मोजतात. दूरची सळई ३० मीटरवर असेल तर मधली साधारण १८.५ मीटरवर, म्हणजे ६२ टक्क्यांवर. मधली सळई तीन मीटर पुढे आणि तीन मीटर मागे सरकवून पुन्हा मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच माप धरायचं. त्याआधी मेन बंद आणि अर्थची तार खड्ड्यापासून सोडवलेली हवी, आणि काम संपताच ती परत जोडलेली हवी.

## शेतातल्या मोटरची वेगळी गोष्ट

तीन फेजच्या मोटरवर लोक नुसतं व्होल्टेज मोजून फसतात. चालू मोटरचा एक फेज गेला तरी मोटर फिरत राहते आणि फिरता फिरता त्या गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते. स्टार्टरच्या बाहेरच्या बाजूला मोजाल तर तिन्ही जोड्यांत जवळपास ४०० च्या आसपास दिसेल. "फेज तर तिन्ही आहेत," असं म्हणत उभे राहाल आणि वाइंडिंग जळत असेल.

म्हणून तिथे तिन्ही तारांचा करंट एकेक करून मोजा. ५ एचपीच्या मोटरला प्रत्येक तारेत सुमारे ७ ते ८ अँपिअर. सबमर्सिबल थोडा जास्त घेते, मोटरच्या पाटीवरचा आकडा प्रमाण. एका तारेत शून्य आणि बाकीच्या दोघींत जवळपास दुप्पट दिसलं तर लगेच बंद करा. तिन्ही करंट वेगवेगळे असतील तर डीपीकडून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरकडून) येणाऱ्या व्होल्टेजच्या तिन्ही जोड्या मोटर बंद ठेवून मोजा. तिथे दोन-तीन टक्क्यांचा फरक असला तरी करंटमध्ये तो कितीतरी पट होऊन दिसतो. व्होल्टेज सारखं आहे आणि करंट मात्र वेगळे? मग तिन्ही तारा एक घर पुढे सरकवून जोडा (अशाने फिरण्याची दिशा बदलत नाही) आणि पुन्हा मोजा. जास्त करंट मोटरच्या त्याच टोकाबरोबर गेला तर दोष मोटरमध्ये, लाईनच्या त्याच फेजवर राहिला तर लाईनमध्ये.

## आवरताना

लाल लीड १० अँपिअरमध्ये गेली असेल तर परत व्होल्टच्या भोकात आणा. नॉब बंदवर, आणि बंदची जागा नसेल तर एसीच्या सर्वात मोठ्या रेंजवर. महिनाभर लागणार नसेल तर बॅटरी काढून ठेवा. मोजलेले आकडे, तारीख, कोणता लोड चालू होता आणि कुठून कुठे मोजलं हे लिहिलेला कागद वितरण बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा.